अर्डिथ फॉसचा दुसरा रकाना

हॅडलॉक्स कोव्हच्या सभागृहाच्या दारावर दर चार वर्षांनी एक कागद लागतो. राष्ट्राध्यक्षपदासाठी गावात कुणाला किती मतं पडली, एवढंच त्यावर असतं. रिपब्लिकनांची मतं, डेमोक्रॅटांची मतं, आणि खाली ज्यांची नावं कुणी ऐकलेली नसतात अशांच्या रांगा. त्या खालच्या रांगांपैकी एकीत हमखास दोन मतं असतात. ती कुणाची हे गावाला ठाऊक असतं. आमच्या गावच्या नगर-कारकून लोरेटा मोजताना ती दोन बाजूला ठेवतात आणि म्हणतात, "आले, अर्डिथ आणि मेरिल आले."

मत गुप्त असतं, हे खरं. पण अडीचशे मतदारांच्या गावात गुप्त म्हणजे, जे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी त्यांच्या तोंडावर बोलत नाही ते.

अर्डिथ फॉस अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. जन्म इथला, खाडीच्या पूर्वेकडच्या टोकावरचा. सार्डिनचा कारखाना चालू होता तोवर ती तिथे हेरिंग माशांची डोकी कापायची; कात्री उजव्या हातात, बोटांना चिकटपट्टी, समोर वाहता पट्टा. कारखान्यात संघटना होती आणि संघटनेतली सगळी घरं डेमोक्रॅटिक होती. अर्डिथने पक्ष निवडला नाही. नाकाची ठेवण जशी आईकडून येते तसा तो आला.

मेरिल डेनिसन खाडीच्या पलीकडे राहतो. शेवंडी धरतो, म्हणजे धरायचा. आता बोट मुलाच्या, ड्वेनच्या, नावावर आहे आणि मेरिल फक्त सापळे दुरुस्त करतो. तो रिपब्लिकन, त्याचा बाप रिपब्लिकन, आणि बापाची बोटही रिपब्लिकन होती असं तो म्हणतो. अर्डिथचा नवरा लिनवुड आणि मेरिल एका बोटीवर काम करायचे. लिनवुडने आयुष्यात कधी मत दिलं नाही. "मासा कुणाच्या राज्यात पोहतो ते त्याला तरी कुठे ठाऊक असतं," असं त्याचं उत्तर होतं. लिनवुड गेला त्यानंतरच्या मतदानाच्या दिवशी मेरिल आपली पिकअप घेऊन अर्डिथच्या दारात आला, कारण तिला गाडी चालवता येत नव्हती आणि पक्ष कुठलाही असला तरी मित्राच्या बायकोला सभागृहापर्यंत चालत जाऊ देणं त्याला बरं दिसत नव्हतं.

त्या दिवशी जाऊन आल्यावर अर्डिथ म्हणाली, "मी एक दिलं, तू एक दिलंस. दोन्ही मिळून शून्य. मेरिल, आपण घरी बसलो असतो तर देशाचं काही बिघडलं नसतं."

"तुझं पाय मोकळे करणं झालं ना?"

"तुझ्या गाडीत? पायांखाली तुझे दोर, मांडीवर तुझं कुत्रं."

पुढची निवडणूक ब्याण्णवची. त्या वर्षी दोन्ही पक्षांबाहेरचा एक माणूस जोरात होता. आमच्या राज्यात तर तो दुसऱ्या क्रमांकावर आला. मतदानाच्या सकाळी असं धुकं होतं की मेरिलने मान खिडकीबाहेर काढून गाडी चालवली. रस्त्याची कड बघत बघत तो म्हणाला, "एक सुचलंय. तुझं मत माझं मत खाणार, माझं तुझं खाणार. त्यापेक्षा दोघांनीही त्या तिसऱ्याला देऊ. तुमच्यातलं एक कमी, आमच्यातलं एक कमी. फिटंफाट. आणि दोन मतं जिवंत तरी राहतील."

"तू आत जाऊन तुझ्याच माणसाला दिलंस तर?"

"तू दिलंस तर?"

तेव्हा दोघांनी एकमेकांना शब्द दिला.

तेव्हापासून एक रीत पडली. मतदानाच्या आधीच्या रविवारी मेरिल तिच्या स्वयंपाकघरात येतो. शनिवारचे उरलेले बीन्स गरम होतात, काकवी घातलेले डोनट असतात, आणि नमुना मतपत्रिका मध्ये ठेवून दोघं तळातल्या नावांतून एक नाव निवडतात. निवडण्याचा नियम ठरलेला नाही. एकदा नेब्रास्काचा एक निवृत्त गुरांचा डॉक्टर होता, तो त्याच्या पेशासाठी निवडला. एकदा भूगोल शिकवणारी एक बाई होती. एकदा एक माणूस केवळ त्याचं आडनाव उच्चारता येईना म्हणून. ही माणसं निवडून येत नाहीत, हे दोघांना माहीत असतं. पण अर्डिथच्या डोक्यात ती येतात.

हे जरा सांगायला हवं. कारखाना बंद झाल्यावर, दुपारच्या धुक्यात खुर्चीत बसल्या बसल्या, अर्डिथला एक देश दिसू लागला. तो हाच देश होता, फक्त तिथे त्यांनी मत दिलेली माणसं जिंकलेली होती, एकामागून एक. ती ते मेरिलला सांगायची आणि मेरिल बातम्या ऐकावा तसा ऐकायचा.

"तिथे काय चाललंय?" तो विचारायचा.

"गुरांच्या डॉक्टरने राजवाड्यापुढच्या हिरवळीवर गवत वाढू दिलंय. कापून गंज्या केल्यात. मंत्र्यांच्या बैठका धारा काढायच्या वेळेआधी संपतात."

"आणि रशिया?"

"रशियाचा माणूस आला होता. त्याच्या घोड्याचा खूर बघून दिला. गप्प परत गेला."

भूगोलाच्या बाईंनी त्या देशात प्रत्येकाला आपल्या घरापासून समुद्रापर्यंतचा नकाशा हाताने काढायला लावला होता. ज्यांना समुद्र लांब पडला त्यांनी ओढे काढले. त्या देशात सार्डिनचा कारखाना चालू होता आणि भोंगा वाजला की बायका एप्रन बांधत टेकडीवरून उतरत. तिथे धुकं असायचं, पण त्यातून पलीकडचं दिसायचं. लिनवुड तिथे होता का, हे मेरिलने विचारलं नाही आणि अर्डिथने सांगितलं नाही.

मेरिलची बायको एका वर्षी फ्लोरिडात बहिणीकडे हिवाळा काढायला गेली आणि तो हिवाळा संपलाच नाही. अर्डिथची मुलगी कॉरिन पोर्टलंडला स्थायिक झाली. खाडीच्या या बाजूला अर्डिथ, त्या बाजूला मेरिल, मध्ये पाणी. चार वर्षांतून एकदाचा करार असला तरी त्या कराराच्या आधाराने उरलेले रविवारही आले. करार गेला तर रविवार राहतील का, याचा विचार करायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती.

ती आली गेल्या निवडणुकीत.

आमच्या राज्यात मतपत्रिका आता वेगळी असते. नावांपुढे एकच गोल नसतो. रकाने असतात, पहिली पसंती, दुसरी, तिसरी, पुढे आणखी. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर तळातल्यांना काढतात आणि त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती धरतात. अर्डिथने दोन हजार वीस साली हे रकाने पहिल्यांदा पाहिले तेव्हा ज्यांचं मन ठरत नाही अशांसाठी ही सोय असावी असं समजून तिने पहिला गोल काळा केला आणि घरी आली.

त्यात राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मंडळात उत्तरेकडच्या आमच्या अर्ध्या राज्याचं एक मत वेगळं धरलं जातं. यंदा देशभर बरोबरी झाली तर त्या एका मतावर सगळं ठरेल, असं टीव्हीवर नकाशे दाखवून सांगत होते. हॅडलॉक्स कोव्हला इतकं महत्त्व कुणी दिलं नव्हतं. अनोळखी पोरं दारोदार फिरत होती आणि कुत्री त्यांच्यावर भुंकून दमली होती.

शनिवारी कॉरिनचा फोन आला.

"आई, या वेळी खेळ नको."

"कसला खेळ?"

"तुझा आणि मेरिलकाकांचा. बरं, पहिली पसंती दे त्या कुणाला द्यायची त्याला. पण दुसरी आपल्या पक्षाला दे ना. म्हणजे मतही वाया जात नाही आणि तुझा हट्टही राहतो."

"दुसरी द्यायची असते?"

"आई! गेल्या वेळी काय केलंस?"

"रिकामी सोडली."

मग कॉरिन म्हणाली, "मंगळवारी पक्षाची गाडी पाठवते. मेरिलकाकांच्या गाडीत बसू नकोस."

रविवारी बीन्स गरम झाले. या वेळी तळात कॅन्ससचा एक माणूस होता, पेशाने घड्याळजी. नाव ठरायला वेळ लागला नाही. मेरिलने डोनट कॉफीत बुडवला तेव्हा अर्डिथने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तो दुसरा रकाना. तू काय करतोस त्याचं?"

डोनट कॉफीत जास्त वेळ राहिला आणि तुटला.

"भरतो," मेरिल म्हणाला.

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? आमच्या माणसाला."

"गेल्या वेळीही?"

"गेल्या वेळीही. अगं, पहिला दिला की तुझ्या त्या आडनाववाल्याला! शब्द पाळला."

अर्डिथने त्याच्यापुढची बशी उचलली. त्यात अजून दीड डोनट होता.

"मी माझा रिकामा ठेवला," ती म्हणाली.

"का?"

"का म्हणजे? आपलं ठरलं होतं. तुमच्यातलं एक कमी, आमच्यातलं एक कमी. माझं गेलं आणि तुझं मागच्या दाराने घरात आलं."

"मोजला कुठे तो! पहिल्या फेरीतच निकाल लागला. दुसरा रकाना कुणी उघडूनसुद्धा बघितला नाही."

"मोजला नाही तो राजधानीतल्यांनी. तू तर भरून आला होतास."

मेरिलने कॉफीत पडलेला डोनटचा तुकडा चमच्याने बाहेर काढला.

"आपल्याकडे कुणी दुसऱ्याच्या पाण्यात सापळा टाकला तर काय करतात, मेरिल?"

"गाठ मारतात. त्याच्या तरंगत्या बोयाच्या दोरीला."

"आणि त्याने ऐकलं नाही तर?"

"कापतात."

"ही गाठ समज," अर्डिथ म्हणाली आणि दार उघडून उभी राहिली. मेरिलने टोपी घातली. त्याचं कुत्रं आधी बाहेर पडलं. कुत्र्यांना अशा गोष्टी लवकर कळतात.

सोमवारी सकाळपासून धुकं. अर्डिथच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, त्यामुळे बाहेरचं धुकं कुठे संपतं आणि आतलं कुठे सुरू होतं हे तिला नीट सांगता येत नाही. ती खुर्चीत बसली आणि त्या दुसऱ्या देशात जायला निघाली. नेहमी रस्ता सोपा असायचा. भोंग्याचा आवाज, मग टेकडी, मग पलीकडचं सगळं. आज टेकडी आली, पण पलीकडे नुसतं पांढरं होतं. घड्याळजी राष्ट्राध्यक्ष कुठे दिसेना. गवताच्या गंज्या होत्या तिथे दलदल होती. ती बराच वेळ त्यात उभी राहिली. तिला वाटलं, हा देश आपण एकट्याने केला नव्हता. दोन मतांवर उभा होता, आणि त्यातलं एक मत तिथे दुसऱ्या गावाचं सामान घेऊन राहत होतं. जाग आली तेव्हा समोर कॉफी गार झाली होती आणि दार वाजत होतं.

मेरिल होता. हातात ताजा हॅडक, कागदात गुंडाळलेला.

"लाच आहे का?" तिने विचारलं.

"मासा आहे. आत येऊ?"

"मासा येऊ दे. तुझं बघू."

तो आला आणि टोपी न काढता बसला. "मी विचार केला," तो म्हणाला. "तू म्हणतेस ते बरोबर. आधी एकच गोल होता, तेव्हा मत म्हणजे अख्खं मत. रकाने वाढले तेव्हा तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण तू नको म्हणशील हे माहीत होतं."

"हं. मग उद्या रिकामा ठेवणार?"

"नाही."

अर्डिथ मासा धुत होती ती थांबली.

"ड्वेनला कबूल केलंस?"

"ड्वेनला कसलं! पहिल्या रकान्यावरूनच तो मला मूर्ख म्हणतो. नाही, मलाच वाटतं. ऐंशी वर्षांचा झालोय. मला खरोखर काय वाटतं तेही कुठेतरी एका गोलात असावं. पहिला तुझ्या देशाचा. दुसरा माझा. लपवणार नाही, म्हणून सांगायला आलोय."

नळ चालू होता. तिने तो बंद केला.

"मग मलाही जे वाटतं ते मी दुसऱ्यात देईन."

"दे की! मी कुठे अडवतोय?"

"म्हणजे परत आपण एकमेकांना खोडणार."

"दुसऱ्या रकान्यात. पहिल्यात नाही."

अर्डिथने हे मनात उलटसुलट करून पाहिलं. कारखान्यात माशाचं पोट तपासायची सवय होती तशी. त्यात कुठे कीड दिसेना, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

"मेरिल, मग कराराचं कामच काय? घड्याळजीला मी माझी देईन, तू तुझी. दुसऱ्यात आपण आपापल्या माणसाला देऊ. तू मला फसवू शकत नाहीस, मी तुला फसवू शकत नाही. शब्द द्यायलाच नको. त्यांनी असा कागद काढलाय की त्यात आपल्याला एकमेकांची गरजच उरली नाही."

मेरिल खिडकीबाहेर बघत राहिला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. खाडीसुद्धा दिसत नव्हती.

"नाही उरली खरी," तो म्हणाला.

मेरिल उठला, दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "तर उद्या किती वाजता येऊ?"

"कॉरिन पक्षाची गाडी पाठवतेय."

"त्यांची गाडी स्वच्छ असेल."

"असेल."

"त्यात कुत्रंही नसेल."

"मेरिल, मी कॉरिनला अजून हो म्हटलेलं नाही."

"मग म्हणू नकोस," तो म्हणाला. "उजाडल्यावर येतो."

मंगळवारी पिकअप आली तेव्हा धुक्यात आधी दिवे दिसले, मग कुत्रं, मग मेरिल. रस्ता दोघांना पाठ होता, पण त्या सकाळी तो कुणीतरी नुकताच करत असावा तसा थोडा थोडा पुढे येत होता: एक पत्रपेटी, एक स्प्रूसचं झाड, सापळ्यांची एक रास, आणि परत काही नाही. अंगणांतल्या प्रचाराच्या पाट्या दिसायच्या, त्यांवरची नावं दिसायची नाहीत. अर्डिथला ते आवडलं.

सभागृहात अग्निशमन दलाच्या बायकांनी नेहमीप्रमाणे केक-पेस्ट्र्यांचं टेबल मांडलं होतं. लोरेटा मतपेटीपाशी बसल्या होत्या.

"आले," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, या वेळी अर्डिथला पक्षाची माणसं पळवून नेतात की काय."

"त्यांना मी जड झाले असते," अर्डिथ म्हणाली.

पडद्याआड तिने कागद नाकाजवळ धरला. घड्याळजीचं नाव तळाकडे होतं. पहिल्या रकान्यातला त्याचा गोल तिने सावकाश, कडेपर्यंत काळा केला. मग दुसरा रकाना. तो तिला रिकाम्या घरांच्या गल्लीसारखा दिसला. शेजारच्या पडद्याआड मेरिल खोकला. तिने आपल्या पक्षाच्या माणसाचं नाव बोटाने शोधलं. अठ्ठ्याऐंशीनंतर त्या पक्षासमोर तिने शाई लावली नव्हती. मेरिलवरचा राग म्हणून भरायचा असेल तर तो राग काल संध्याकाळीच मासा तळताना संपला होता. कॉरिनसाठी भरायचा असेल तर कॉरिन तिथे नव्हती. तिने स्वतःला विचारलं की तुला खरंच काय वाटतं, आणि उत्तर येईपर्यंत पेन धरून उभी राहिली. उत्तर आलं. तिने गोल भरला. पेटीच्या फटीतून कागद आत सारताना तिला हलकं वाटलं नाही, जडही वाटलं नाही. काम झालं एवढंच.

गाडीत बसल्यावर मेरिल म्हणाला, "भरलास?"

"भरला."

"कडेपर्यंत?"

"कारखान्यात माझ्या कात्रीचं काम कधी परत आलं नाही."

"म्हणजे खोडलंस मला."

"तू मला नाही खोडलंस?"

"चांगलं खोडलं," मेरिल म्हणाला, आणि त्याच्या आवाजात समाधान होतं.

तिच्या घराकडे जाणारं वळण आलं तेव्हा त्याने गाडी वळवली नाही. सरळ गेला, खाडीला वळसा घालून, पश्चिमेकडच्या बाजूला. इतक्या वर्षांत अर्डिथ मेरिलच्या घरात गेली नव्हती. आधी त्याची बायको होती म्हणून, नंतर बायको नव्हती म्हणून.

स्वयंपाकघर लहान होतं आणि अपेक्षेपेक्षा नीटनेटकं. शेगडीवर हॅडकचं चावडर, दुधातलं माशाचं घट्ट सूप, होतं. पहाटे करून ठेवलं असावं, दुधावर साय आली होती. मेरिलने दोन वाडगे काढले. ती खिडकीपाशी गेली. बाहेर सगळं पांढरं होतं, काठ नाही, पाणी नाही.

"इथून तुझं घर दिसतं," मेरिल मागून म्हणाला.

"कुठे?"

"तुझ्या डाव्या हाताला. धुकं उठलं की."

तिने डावीकडे पाहिलं. काही नव्हतं. तरी ती थोडा वेळ तिकडेच बघत उभी राहिली.

"बटाटे कमी घातलेस," ती मग म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.